१८१८ किलोहर्ट्झवर बोलतंय कोण?

मंडळी, आधी एक वजाबाकी करू. ११८८ ची दुप्पट २३७६. त्यातून ५५८ गेले, उरले १८१८. मुंबईत मध्यम लहरींवर ११८८ किलोहर्ट्झ ही विविध भारतीची जागा, ५५८ अस्मिता वाहिनीची. आणि १८१८ पडतो नेमका आपल्या, म्हणजे हॅम किंवा हौशी रेडिओवाल्यांच्या, १६० मीटर बँडमध्ये. कांदिवली-बोरिवलीच्या एखाद्या हॅमने रात्री तिथे सेट लावला आणि मोर्सऐवजी दोन कार्यक्रमांची खिचडी ऐकू आली, तर आकाशवाणीच्या नावाने बोटं मोडण्याचं कारण नाही. १८१८ वर त्यांनी काहीच पाठवलेलं नसतं. ते बहुतेक वेळा तुमच्याच सेटमध्ये तयार झालेलं असतं.

कसं ते पाहा. ही प्रक्षेपणं मालाडहून होतात. १०० किलोवॅटचा प्रक्षेपक आणि ५ किलोमीटरचं अंतर धरलं, तर दर मीटरमागे साधारण ६०० मिलिव्होल्ट एवढी क्षेत्रतीव्रता येते. आपण सेटच्या सिग्नल-मीटरवर एस-९ (जोरदार सिग्नलची खूण) पाहून खूश होतो, तो सिग्नल सेटच्या तोंडाशी असतो ५० मायक्रोव्होल्ट. लांबचलांब तार टांगली की तिच्यावर आकाशवाणीचा व्होल्टच्या घरातला सिग्नल आणि एखाद्या दूरच्या हॅमचा मायक्रोव्होल्टचा सिग्नल एकत्रच खाली उतरतात. पहिला अँप्लिफायर किंवा मिक्सर त्या भाराखाली वाकतो, आणि वाकला की गुणाकार करायला लागतो. मग ११८८ ची तिप्पट, ३५६४, ही ८० मीटरवर हजर होते आणि २३७६ वजा ५५८ ही १६० वर. आयएफचा, म्हणजे मिक्सरनंतरच्या टप्प्यातला, क्रिस्टल फिल्टर कितीही महागडा असू द्या, तो या सगळ्याच्या मागे बसलाय. घाण त्याच्या आधीच झालेली असते.

म्हणून सोल्डरिंग गन उचलण्याआधी एक चाचणी करा. सेटवरचा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर चालू करा. खरा सिग्नल १० डेसिबलच उतरेल. सेटमध्ये जन्मलेला तिसऱ्या क्रमाचा (ज्याच्या गुणाकारात मूळ सिग्नल एकूण तीनदा येतात असा) सिग्नल मात्र एकदम ३० डेसिबल खाली जाईल, म्हणजे मीटरवर पाच घरं. बहुतेक वेळा तो गायबच होतो. तसं झालं तर फिल्टर लावायचा. आणि तोही सिग्नल १०च डेसिबल उतरला, तर फिल्टरवर खर्च करू नका. मिश्रण सेटच्या बाहेर होतंय. आपल्या किनारपट्टीच्या हवेत गंजलेला खिडकीचा ग्रील, गच्चीवरच्या पाइपचा सैल क्लॅम्प, मोडक्या टीव्ही अँटेनाचा सांधा, यातलं काहीही डायोडसारखं वागू शकतं. तिथे छोटा पोर्टेबल रेडिओ घेऊन गच्चीभर फिरायचं आणि सांधा सापडला की एक तर घासून पक्का जोडायचा, नाहीतर सरळ तोडून टाकायचा.

आता फिल्टर. तुम्हाला ८० मीटर आणि त्याहून जास्त फ्रीक्वेन्सीचेच बँड ऐकायचे असतील तर काम सोपं आहे. २.५ मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारा, पाच घटकांचा ५० ओहमचा हाय-पास पुरतो. सिग्नलच्या वाटेत तीन कॅपॅसिटर: टोकांचे दोन ११०० पिकोफॅरडचे, मधला ३३० चे दोन समांतर जोडून ६६० चा. त्यांच्यामधल्या दोन जागांवरून अर्थला दोन कॉइल, प्रत्येकी २.३ मायक्रोहेन्री. टी-५०-२ या लाल टोरॉइडवर (कडीच्या आकाराच्या कोरवर) २२ वेढे घेतले की ती बनते. आधी कोरवर वेढे नीट पसरवून घ्या, मोजमाप मग. कॅपॅसिटर एनपी-झिरो जातीचे किंवा मायकाचे घ्या. साधे स्वस्त सिरॅमिक व्होल्टेजबरोबर किंमत बदलतात, म्हणजे ज्या रोगावर औषध करतोय तोच रोग औषधात. हिशोबाने हा फिल्टर ५५८ ला ७० डेसिबलच्या वर दाबतो, मुंबईच्याच १०४४ ला ४३ च्या आसपास, ११८८ ला ३७. नागपूरकरांचं मात्र एवढ्यावर भागायचं नाही. तिथलं केंद्र १५६६ वर, क्षमता १००० किलोवॅटची, आणि १५६६ ला हा जेमतेम २३ डेसिबल देतो.

१६० मीटरवाल्यांची खरी पंचाईत आहे. मध्यम लहरी १६०० च्या पुढे संपतात आणि आपला बँड १८०० ला सुरू होतो. एवढ्याशा फटीत तीव्र उताराचा फिल्टर घरी बांधणं मला फारसं पटत नाही. त्यापेक्षा एकाच केंद्रासाठी ट्रॅप लावा: कॉइल आणि कॅपॅसिटर एकामागे एक, अँटेनाच्या वाटेवरून अर्थला. पण कोणत्या केंद्राचा? सिग्नल जास्त ज्याचा त्याला पकडावं असं वाटतं. पण १८१८ च्या जन्मात ११८८ दोनदा येतो, ५५८ एकदाच. ११८८ ला २० डेसिबल दाबलं की मिश्रण ४० डेसिबल उतरतं. ५५८ ला तेवढंच दाबलं तर फक्त २०. म्हणून ट्रॅप ११८८ चाच. ३९० पिकोफॅरड आणि ४६ मायक्रोहेन्री. तशाच टी-५०-२ कोरवर शंभरेक वेढे लागतात, तेव्हा तार पातळ घ्या. कॅपॅसिटरचा थोडा भाग ट्रिमरचा ठेवा आणि ११८८ चा आवाज सर्वांत कमी होईल तिथे तो फिरवून सोडा. १८१८ वर त्याचा तोटा नगण्य आहे.

फिल्टर असो वा ट्रॅप, बसवायचा तो धातूच्या डबीत, सेटच्या तोंडाला, प्रीअँपच्या आधी. डबी प्लास्टिकची असली तर आकाशवाणी फिल्टरला वळसा घालून आत येते.

आणि ट्रान्सीव्हर (ऐकणं-पाठवणं दोन्ही करणारा सेट) वापरणाऱ्यांनी एवढं बघा: हे सगळे घटक फक्त ऐकण्यासाठी आहेत. फिल्टर अँटेनाच्या मुख्य केबलमध्ये राहिला आणि तुम्ही १०० वॅटवर पाठवायची की दाबलीत, तर ते छोटे कॅपॅसिटर जळू शकतात, वर फायनल्सवरही (पाठवणाऱ्या भागातल्या शेवटच्या ट्रान्झिस्टरांवरही) ताण. मागच्या बाजूला रिसीव्ह अँटेनाचं वेगळं सॉकेट असेल तर तिथे लावा. नसेल तर पाठवताना फिल्टरला बाजूला काढणारा रिले बसवल्याशिवाय की ला हात लावू नका.