तापाचा आज कितवा दिवस?

नमस्कार श्रोतेहो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पावसाळा लागला की आमच्या खिडकीशी चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि चिठ्ठीमागून चिठ्ठीवर एकच शब्द असतो: विडाल. ताप येऊन दोनच दिवस झालेले असतात, पण घरच्यांना टायफॉइड आहे की नाही ते संध्याकाळपर्यंत कळायला हवं असतं.

फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ही चाचणी १८९६ साली मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. ही प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा जातो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली विडाल टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. उलट टायफॉइड पूर्वी कधीतरी होऊन गेला असेल, किंवा ताप दुसऱ्याच कशाचा असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मग डेंग्यूच्या माणसाला टायफॉइडचं औषध सुरू होतं. हे बघून माझा जीव तुटतो.

प्रत्यक्ष जंतू सापडतो तो ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायच्या चाचणीत, आणि तोही पहिल्या आठवड्यात जास्त. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिली रक्त लागतं. "एवढं रक्त?" म्हणत नातेवाईक घाबरतात. पण टायफॉइडमध्ये मिलीभर रक्तात बरेचदा जेमतेम एखादाच जंतू असतो. थोडक्या रक्तात तो निसटतो. रक्त काढायचं तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. एवढं करूनही शंभरातले चाळीसएक रुग्ण कल्चरमधून सुटतात, हे मी लपवणार नाही. पण जंतू सापडला, तर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. एकेकाळी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्याकडच्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर चालत नाही.

क्षयरोगासाठीच्या अशाच रक्तातल्या प्रतिपिंड-चाचण्यांवर भारत सरकारनं २०१२ मध्ये बंदी घातली. विडालवर तशी बंदी नाही. म्हणून आम्ही खिडकीशीच विचारतो: तापाचा आज कितवा दिवस? आधी कुठली गोळी घेतलीत? आणि गरज वाटली तर डॉक्टरांना फोन करतो. या प्रश्नांचा राग मानू नका. परवा एका आजींनी उत्तरादाखल पिशवीतून गोळ्यांची रिकामी स्ट्रिपच काढून दिली. औषधाचं नाव आम्ही लगेच त्यांच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.