चेंडू चालतो, पेला चालत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला एक कायदा पाठ असतो. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बाकीच्यांनी बोलिंग टाकायची, गटारात गेलेला चेंडू काढून आणायचा, आणि आपली पाळी येईपर्यंत अंधार पडायचा. लहानपणी आपण ते चालवून घेतो. पण हाच कायदा एका माणसाला भर तारुण्यात, अंगात कला असताना, जातीवरून लावला गेला. त्या माणसाबद्दल आज बोलायचं आहे.

त्यांचं नाव बाळू पालवणकर. घराणं मूळचं कोकणातलं, जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात, कारण वडील फौजेत नोकरीला होते. जात चर्मकार. डाव्या हाताने संथ फिरकी टाकायचे. प्रथम श्रेणीचे सामने त्यांना मिळाले अवघे ३३, आणि त्यांत बळी घेतले १७९. नीट ऐका, ३३ सामने आणि १७९ बळी. एका बळीमागे दिलेल्या धावा पंधरा आणि वर थोड्या. एवढे आकडे पुढ्यात असताना संघ निवडायला बसलेल्यांना दुसरं काही बघायची गरज पडायला नको होती. ती पडली, एकदा नव्हे, वीस-पंचवीस वर्षं पडत राहिली.

आता गोष्ट. ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं, म्हणून सावकाश सांगतो.

पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळू पोरवयात कामाला लागले. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग १८९२च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात आले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच, थोडं वाढलेलं. रोलर ओढायचा, रेषा आखायच्या, सरावाच्या जाळ्या बांधायच्या. आणि साहेब सरावाला उतरले की त्यांना चेंडू टाकायचे.

त्या साहेबांत एक होता कॅप्टन ग्रेग. लोक त्याला जंगली ग्रेग म्हणत. अंगाने लहानखुरा, पण हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमध्ये त्याच्या तोडीचा फलंदाज शोधून सापडत नव्हता. तो म्हणे बाकीच्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळत राहायचा. मला बाद केलंस तर दर खेपेला आठ आणे देईन, असं त्याने सांगून ठेवलं होतं, अशी कथा आहे. हिशोब करून बघा. आठ वेळा बाद केलं की महिन्याचा अख्खा पगार हातात. चेंडू कसा वळवायचा, टप्पा कुठे ठेवायचा, फलंदाजाला पुढे कसं खेचायचं, हे सगळं बाळू तिथे शिकले. गुरू कुणी नव्हता. समोर देशातला सर्वांत चांगला फलंदाज होता, आणि पोट होतं.

आणि या सगळ्या काळात त्या जाळीत त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. तासन् तास गोलंदाजी, दिवसामागून दिवस गोलंदाजी, आणि फलंदाजी एकदाही नाही. बॅट साहेबाची. घाम बाळूंचा.

इथे मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोलंदाजीला आपल्याकडे हमालीसारखं वागवतात, तेव्हाही आणि आजही. कुठल्याही शहरातल्या अकादमीत संध्याकाळी जाऊन उभे राहा. पॅड बांधून रांगेत कोण उभं आहे आणि अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी चेंडू कोण टाकतंय, ते बघा. महागाची बॅट ज्याला परवडते तो फलंदाज होतो, ज्याला परवडत नाही त्याला सांगतात, तू बोलिंग कर. वर्तमानपत्रात फोटो शतकवाल्याचा. आमच्या मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, डावखुऱ्या फिरकीवरच घेतले, आणि कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. तिथे जातीचा प्रश्न नव्हता, समोर त्याच डावखुऱ्या फिरकीचे बिशनसिंग बेदी उभे होते, तो भाग वेगळा. पण ५८९ हा आकडा आपल्या पोरांना पाठ का नाही, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

असो. गोष्टीकडे येतो.

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट संघ होता आणि त्याला साहेबांच्या क्लबाला हरवायची फार हौस होती. ग्रेगला रोज चकवणारा मुलगा याच गावात आहे, ही बातमी तिथवर पोचली. आता पंचाईत झाली. मुलगा चर्मकार. संघात ब्राह्मण. घ्यायचा की नाही? संघातले तेलुगू खेळाडू म्हणत होते, घ्या. इथल्या ब्राह्मण मंडळींपैकी काहींचं मन होईना. चर्चा चालली, घोळ चालला. शेवटी त्या ग्रेगनेच वर्तमानपत्रातून बोलून दाखवलं की बाळूला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. विचार करा, श्रोतेहो. आपल्या गावातल्या आपल्या मुलाला आपल्या संघात घ्या, हे आपल्याला प्रतिस्पर्ध्याने सांगावं लागलं.

बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानात सगळं ठीक. त्यांनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलला, त्याने तो पुढे फेकला, स्लिपमधल्याने पुन्हा बाळूंच्या हातात दिला. एकच चेंडू, अकरा जणांचे हात, विटाळ कुठे आला नाही. मग चहाची वेळ झाली. सगळे आत गेले, त्यांना कपबशी. बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, त्यांना मातीचा पेला, वापरून टाकून द्यायचा. हातपाय धुवायचे असले तर त्यांच्याच सारखा कुणी अस्पृश्य नोकर किटली घेऊन मैदानाच्या कडेला येणार आणि वरून पाणी ओतणार. जेवायचं ताट वेगळं, टेबल वेगळं.

चेंडू चालत होता. पेला चालत नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी यातच आहे. चेंडू चालत होता, पेला चालत नव्हता.

पुण्याच्या चहाची एक जुनी हकीकत तुम्हाला आठवत असेल. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तिथे चहाबिस्किटं पुढे आली, आणि कुणी चहा घेतला याची नावं नंतर छापून आली. केवढा गहजब! लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या त्या लफड्यातून जावं लागलं. एका कप चहासाठी. या गावात, त्या घटनेला फार वर्षं झालेली नसताना, बाळू मातीच्या पेल्यातला चहा पीत बाहेर उभे होते. ही दोन चित्रं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. पहिल्यात मोठ्या माणसांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला म्हणून अख्खं शहर वाद घालत होतं. दुसऱ्यात रोज अपमान होत होता आणि त्याची तक्रार नोंदवायलाही जागा नव्हती.

बाळूंनी बळी काढायला सुरुवात केली. साहेबांचा पूना क्लब हरला. मग साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला. तिथल्यांना बाळूंच्या फिरकीची कीर्ती कळली होती. त्यांनी आपल्या माणसांना सांगून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला, म्हणजे चेंडू वळायला नको. ज्या माणसाने आयुष्याची सुरुवातच रोलर ओढण्याने केली, त्याला रोलरने अडवायचा बेत! बाळूंनी त्या सामन्यात सात बळी घेतले. आठवडाभर रोलर, आणि सात बळी.

संघ पुण्याला परतला तेव्हा सत्कार झाले. रानड्यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला आणि संघातल्या मंडळींना चार शब्द सुनावले: ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? पुढे टिळकांनीही जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला. पंचहौदच्या चहाने पोळलेली हीच दोन माणसं. मला हा योगायोग वाटत नाही. चहाच्या कपात किती जोर असतो, हे त्या दोघांइतकं पुण्यात कुणाला ठाऊक होतं?

ही झाली गोष्ट. बाकीचं आता भराभर सांगतो, वेळ थोडा उरलाय.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न, घ्यायचं की नाही. काही सभासदांचा विरोध होता, कर्णधार कीर्तिकरांनी तो मोडून काढला. मुंबई त्या मानाने मोकळी निघाली. काही वर्षांत जिमखान्याचे खेळाडू त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागले. याच हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा पुढे भारताकडून खेळला, आपला एकनाथ सोलकर. २७ कसोटींत ५३ झेल, तेही फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून. मैदान सांभाळणाऱ्यांच्या घरांतून किती क्रिकेट निघालंय, यावर कुणीतरी नीट बसून काम करायला हवं.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पस्तिशीतला माणूस, खांदा भरून आलेला, आणि ११४ बळी. पुन्हा सांगतो, ११४.

मग आता मला सांगा, असा माणूस परत आल्यावर हिंदू संघाचा कर्णधार व्हायला नको?

नाही झाला. मुंबईची चौरंगी स्पर्धा सुरू झाली, म्हणजे हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांची. दर वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की बाळूंचं नाव निघायचं आणि बाजूला पडायचं. १९१३ साली कर्णधार झाले एम. डी. पै. त्यांच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान माझे ज्येष्ठ सहकारी बाळू यांचा होता. पै सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या या बोलण्याबद्दल मला आदर वाटतो. पण सभेत टाळ्या पडल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

इथे भेदभावाची जागा बघा. गोलंदाज म्हणून बाळू हवे होते, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हतं. कर्णधार म्हणून नको होते, कारण कर्णधार हुकूम देतो, कुणाला कुठे उभं करायचं ते ठरवतो, आणि समारंभात पहिल्या खुर्चीवर बसतो. पेला फुटला होता, पण खुर्ची तशीच होती.

१९२० साली तिढा पडला. पै आजारी होते. बाळूंना पहिल्या सामन्याच्या संघातूनच वगळलं. त्यांचे बंधू विठ्ठल तेव्हा हिंदूंचे आघाडीचे फलंदाज, अनुभवाने कर्णधारपदाचे हक्कदार. ते पद गेलं पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्या योग्यतेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि ती का घेतली हे वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं. जातीमुळे आम्हाला डावललं, असं सरळ लिहिलं. १९२० साली! आजही एखादा खेळाडू निवड समितीविरुद्ध सही करून असं लिहायला धजावत नाही, कारण पुढचा हंगाम हातचा जाईल ही भीती असते. त्या दोघांना ती भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यांनी भीतीसकट लिहिलं.

मुंबईत लोक बोलू लागले, जिमखान्यावर दडपण आलं. पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी पै परत आले, दोघे भाऊ परत आले, आणि बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केलं. सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभं केलं, आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी बाळू हरले. तो विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे बोलावं लागेल. १९५५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

आणि कर्णधारपद? १९२३ साली ते पालवणकरांच्या घरात आलं, पण बाळूंकडे नाही, विठ्ठलकडे. त्या वर्षी विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. बाळूंच्या नावावर १९२० सालचं ते उपकर्णधारपद तेवढं आहे, आणि १७९ बळी.

नमस्कार.