वेम्ब्लीवरची 17-8

नमस्कार श्रोतेहो.

2 मे 1998, शनिवार. लंडनचं जुनं वेम्ब्ली मैदान. रग्बी लीगच्या चॅलेंज कपची अंतिम फेरी, विगन विरुद्ध शेफिल्ड ईगल्स. गुण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत: शेफिल्ड 17, विगन 8.

खेळ आधी थोडक्यात सांगते. प्रत्येक बाजूला 13 खेळाडू, लंबगोल चेंडू. हातात घेऊन पळायचं, पण हातानं पास द्यायचा तो मागेच. समोरच्यांनी धरून पाडलं की एक पकड. अशा 6 पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाचा. कबड्डीत चढाईला आलेल्याला तिघांनी मिळून रेटून धरताना तुम्ही पाहिलंय, म्हणजे निम्मा खेळ तुम्हाला आलाच. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, 4 गुण. ट्रायनंतर खांबांमधून चेंडू मारला की आणखी 2. आणि चालू खेळात टप्पा पाडून मारला, तर 1. तो 1 गुणही लक्षात ठेवा.

हा खेळ जन्मला तो मजुरीच्या प्रश्नातून. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे 22 क्लब जमले. खाणीतला, गिरणीतला माणूस सामन्यासाठी कामावर खाडा करतो, त्याचा पगार बुडतो, तो भरून द्यायचा की नाही, एवढाच वाद होता. दक्षिणेकडचे म्हणाले, नाही. उत्तरेकडचे मूळ रग्बीतून वेगळे झाले. आपल्याकडे आजही कामावरून रजा मिळत नाही म्हणून गावोगावचे चांगले खो-खोपटू पंचविशीत खेळ सोडतात. त्यांच्या बुडालेल्या दिवसाचा पगार कोणी द्यायचा, हे मी प्रत्येक कार्यक्रमात विचारते, आजही विचारते.

चॅलेंज कप 1897 पासून चालू आहे. बाद पद्धत: हरलात की घरी. 1998 साली त्याच्या नावाआधी ‘सिल्क कट’ लागायचं. तो सिगारेटचा ब्रँड. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती 1965 मध्येच बंद झाल्या. मग त्या कंपन्यांनी खेळांत पैसा ओतला, कारण सामना टीव्हीवर दिसतो आणि सामन्याबरोबर नावही दिसतं. आपण तरी काय केलं? 1996 चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स’ च्या नावानं खेळलो. असल्या जाहिरातींवर बंदी घालणारा आपला कायदा 2003 मध्ये आला. फार उशिरा आला, असं माझं ठाम मत आहे. असो, सामन्याकडे येते.

त्या वर्षी मी लीड्सला शिकत होते. घरमालक आजोबा मूळचे विगनचे, खाणीतून निवृत्त झालेले. लीड्स यॉर्कशरमध्ये, विगन लँकेशरमध्ये, त्यामुळे गल्लीत त्यांची रोज थट्टा व्हायची आणि ते रोज उत्तर द्यायचे: सलग आठ. 1988 ते 1995, सलग 8 वर्षं विगननं हा कप जिंकला होता. आठ! आणि शेफिल्ड? पोलादाचं आणि फुटबॉलचं शहर. त्यांचा रग्बी लीग क्लब 1984 साली सुरू झालेला, तोही कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर. मोठी अंतिम फेरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. उपांत्य फेरीत त्यांनी सॅलफर्डला 22-18 असं कसंबसं हरवलेलं.

आजोबांनी गळ्यात लाल-पांढरा मफलर घातला. मी कांदेपोहे करायला घेतले. जाडे पोहे किती भिजवायचे ते तुम्हाला मी काय सांगणार, पण तिथे कढीपत्ता नव्हता आणि फोडणीच्या धुरानं आजोबा खोकत होते. मी पोहे परतते आहे तोवर बाहेरून आवाज आला, “नाही, नाही, नाही!” धावत गेले. चारच मिनिटं झाली होती. शेफिल्डच्या मार्क ॲस्टननं चेंडू उंच, आडवा मारला होता, निक पिंकनीनं तो वरच्या वर झेलला आणि ट्राय! पोहे खाली लागले.

“अजून वेळ आहे,” आजोबा म्हणाले. मग मॅट क्राउदरचा ट्राय. मग ॲस्टनचा तो टप्प्याचा 1 गुण. मध्यांतर: शेफिल्ड 11, विगन 2. आजोबा बसले नाहीत. विगनकडे कोण नव्हतं? कप्तान अँडी फॅरेल, वाऱ्यासारखा पळणारा जेसन रॉबिन्सन, हेन्री पॉल. पण जिथे जागा दिसावी तिथे शेफिल्डचे दोन-तीन जण पकडीला हजर. प्रशिक्षक जॉन किअर यांचा संघ ऐंशी मिनिटं हटला नाही. दुसऱ्या सत्रात डॅरेन टर्नरचा ट्राय, 17-2. विगनचा मार्क बेल रेषा ओलांडून गेला, 17-8. तेव्हा आजोबांनी माझा हात धरला. खाणीत काम केलेला हात, घट्ट. पण त्यानंतर एकही गुण झाला नाही. शेफिल्ड 17, विगन 8. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड करंडक ॲस्टनला मिळाला.

आजोबांनी मफलर काढला, व्यवस्थित घडी घातली, टीव्हीवर ठेवला. पडद्यावर शेफिल्डचा कप्तान पॉल ब्रॉडबेंट कप उंचावत होता. आजोबा उभ्यानंच टाळ्या वाजवत राहिले. मग म्हणाले, “तुझे ते पिवळे तांदूळ आण.” खाली लागलेले पोहे आम्ही दोघांनी खरवडून खाल्ले.

त्याच विगननं त्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर लीड्सला 10-4 हरवून सुपर लीग, म्हणजे देशातली अव्वल साखळी स्पर्धा, जिंकली. म्हणजे संघ खचलेला नव्हता, म्हातारा नव्हता, देशातला सगळ्यात बळकट संघ होता. लीगमध्ये बळकट संघ महिनोन् महिने आपलं बळ दाखवतो. बाद सामन्यात एक दुपार पुरते.

आणि शेफिल्डचं काय झालं? 1999 चा हंगाम संपला आणि पैशाच्या अडचणीतला तो क्लब हडर्सफील्डमध्ये विलीन झाला. वेम्ब्ली जिंकून दोन वर्षंही झाली नव्हती. ॲस्टननं शेफिल्डमध्ये त्याच नावाचा क्लब नव्यानं उभा केला, खालच्या गटातून.

मी तोवर नाशिकला परत आले होते. आजोबांचं पाकीट आलं. आत विलीनीकरणाच्या बातमीचं कात्रण, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: त्या पोरांचं घर गेलं. खाली आणखी एक ओळ होती. पिवळ्या तांदळात ती पिवळी पूड कधी घालायची, कांद्याच्या आधी की नंतर?