गोदीत बोट घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

रायबंदरहून चोडणला फेरीने आपण सगळेच गेलो आहोत. फेरी धक्क्याला लागते, फळी पडते, स्कूटर सुटतात. ते झालं धक्क्याला लागणं. आज मी बोलणार आहे बोट गोदीत घेण्याबद्दल. धक्क्याला बोट पाण्यातच उभी राहते. सुक्या गोदीत तिच्याखालचं पाणीच काढून घेतात. हा फरक लक्षात ठेवा: तिथे पाणी राहतं, इथे पाणी जातं.

गोदी ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. गुजरातेत लोथलला चार हजार वर्षांहून जुना, भाजक्या विटांचा, दोनशे मीटरहून लांब हौद सापडला. बहुतेक जण त्याला गोदी म्हणतात, काही अभ्यासक तलाव मानतात. १५१० साली पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने जुनं गोवं घेतलं, तेव्हा आदिलशाहीची जहाजं तिथे बांधली जात होती. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० साली सुकी गोदी झाली. आणि विजयदुर्गजवळ मराठ्यांच्या आरमाराची, खडक फोडून केलेली गोदी आजही आहे. शाळेच्या सहली किल्ल्याच्या तटावर फोटो काढून परततात, त्या गोदीकडे कुणी नेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तोफा कितीही असू देत, बोटीचा तळ दुरुस्त करायला जागा नसेल तर आरमार किती दिवस टिकणार?

असो. मला सांगायचंय ते झुआरी नदीकाठच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डातलं. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही गेलो होतो. एक जुनी टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी बोट, गोदीत घ्यायची होती. भरतीला दार उघडून तिला आत ओढली, चारी बाजूंनी दोर बांधले, दार बंद केलं आणि पंप सुरू झाले. तळाशी लाकडी ठोकळ्यांची रांग आधीच लावलेली. बोट खाली येत येत त्या रांगेवर बसायची.

यातला सगळ्यात नाजूक क्षण कोणता? बोटीची मागची बाजू पहिल्या ठोकळ्याला टेकते तो. मागचा भार ठोकळ्यावर येऊ लागतो, पुढचा भाग अजून तरंगतोय. पाण्यात बोट कलली तरी स्वतःहून सरळ होते. टेकल्यावर तिची ती ताकद कमी होत जाते. म्हणून टेकताना बोट सरळच हवी. पुन्हा सांगतो, टेकताना सरळच हवी.

फोरमन मालवणकडचे, वयस्क. टगवर त्यांनी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगून ठेवला होता आणि त्यांची नजर त्यावरच. पाणी उतरत होतं. आमच्या डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. एकाएकी त्यांनी हात वर केला, पंप थांबले. ओळंबा हाताच्या एका बोटाएवढा उजवीकडे गेला होता.

मालकाचा माणूस म्हणाला, "एवढ्याशानं काय होतंय? वेळ चाललाय."

फोरमन म्हणाले, "पाणी परत घेवा. ती आधी सरळ होऊंदे."

आणि अर्धी रिकामी झालेली गोदी त्यांनी पुन्हा भरायला लावली. एक पोरगा इंजिनरूममध्ये उतरला. दोन्ही बाजूंच्या डिझेल टाक्यांमधला व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि कललेल्या बाजूला डिझेल हळूहळू वाहत होतं. व्हॉल्व्ह बंद केला, डिझेल सारखं केलं, पंप पुन्हा सुरू. काळोख पडला तेव्हा कुठे टग टेकली. पाणबुड्याने खाली जाऊन एकेक ठोकळा चाचपला, मग दोन्ही बाजूंना टेकू लावले, पाचरी ठोकल्या. सकाळी पाहिलं तर पंख्यापर्यंत शिंपल्यांचा जाड थर, आणि त्याचा तो वास!

आता थोडं अवकाशातलं. तिथे दोन यानं एकमेकांना जोडतात, त्यालाही डॉकिंगच म्हणतात. इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलोची दोन यानं जोडली. १२ जानेवारी २०२५ ला ती तीन मीटरवर आणली, आणि पुन्हा मागे घेतली. लोक हळहळले. मला मात्र आमचे फोरमन आठवले आणि मनापासून बरं वाटलं. चारच दिवसांनी, १६ तारखेला, जोडणी झाली. हे साधणारा भारत चौथा देश.

पुढच्या भागात मुरगाव बंदर. नमस्कार.