चषक पुन्हा सनराइजला

(दृश्य: ताडाची झाडं, दुपारचं ऊन. मग एकदम पांढरंशुभ्र रिंक.)

जून महिना. फ्लोरिडातलं सनराइज. बाहेर घामानं शर्ट पाठीला चिकटतोय आणि आत बर्फ. अशा ठिकाणी आइस हॉकी खेळतात हेच मुळात नवल. त्यात भर म्हणजे प्रेक्षकांच्या हातातले प्लॅस्टिकचे उंदीर.

त्याचं असं झालं. १९९५ मध्ये इथल्या संघाच्या, म्हणजे फ्लोरिडा पँथर्सच्या (तेव्हा ते मायामीत खेळत) स्कॉट मेलनबीनं ड्रेसिंग रूममध्ये शिरलेला उंदीर स्टिकनं उडवला आणि त्याच रात्री दोन गोल केले. तेव्हापासून आनंद झाला की पँथर्सचे प्रेक्षक बर्फावर प्लॅस्टिकचे उंदीर फेकतात.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचं विजेतेपद म्हणजे स्टॅनली चषक. तो मात्र यायला २४ जून २०२४ उजाडला. तोही सुखासुखी नाही. चार सामने आधी जिंकेल त्याची अंतिम फेरी. त्यात सामन्यांमध्ये ३-० ची आघाडी, मग एडमंटन ऑइलर्सनं सलग तीन सामने घेऊन केलेली बरोबरी, आणि सातव्या सामन्यात २-१.

(दृश्य: रिकामं ड्रेसिंग रूम.)

आता चषक राखायचा होता. आणि इथेच गंमत आहे. या लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, २०२४-२५ च्या मोसमात ८ कोटी ८० लाख डॉलर. चषक जिंकला की खेळाडूंचा भाव वाढतो, तिजोरीला मात्र तेच कुलूप. बचावपटू ब्रँडन मॉन्टूर सिएटलला गेला, आक्रमक तारासेंको डेट्रॉइटला, राखीव गोलरक्षक स्टोलार्झ टोरांटोला. जिंकणाऱ्याचं घर असं आधी जिंकण्यामुळेच फुटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पँथर्सचा आक्रमक मॅथ्यू कचक देशासाठी खेळताना जायबंदी झाला. मार्चमध्ये बचावपटू ॲरन एकब्लॅडवर २० सामन्यांची बंदी आली. त्याच मार्चमध्ये पँथर्सनी बॉस्टनचा कर्णधार ब्रॅड मार्शंड आणला. सलग दोन वर्षं ज्याच्या संघाला यांनी प्लेऑफमधून, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतून, घरी पाठवलं, तोच. वय छत्तीस, जीभ धारदार, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या नाकात दम आणण्यात हातखंडा.

प्लेऑफच्या चार फेऱ्या. एकाही फेरीत घरच्या मैदानाचा फायदा नाही, म्हणजे सातवा सामना झालाच तर तो परक्या मैदानावर. दुसऱ्या फेरीत टोरांटोत पहिले दोन सामने हरले. पहिल्यात समोर गोलमध्ये उभा होता तोच स्टोलार्झ! तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत मार्शंडनं गोल मारला, आणि सातव्यात टोरांटोच्याच प्रेक्षकांसमोर ६-१. त्या प्लेऑफमध्ये पँथर्सनी परक्या मैदानांवर दहा सामने जिंकले.

(दृश्य: एडमंटनचे नारिंगी-निळे प्रेक्षक.)

अंतिम फेरीत पुन्हा ऑइलर्स. चौथ्या सामन्यात पँथर्स ३-० नं पुढे होते, आणि जादा वेळेत ५-४ नं हरले. मालिका २-२. गेल्या वर्षी हातातून निसटत चाललेली आघाडी प्रत्येकाला आठवली असणार. प्रशिक्षक पॉल मॉरिस यांचा संघ एडमंटनला गेला आणि पाचवा सामना ५-२ नं घेऊन परतला.

१७ जून २०२५. सहावा सामना, सनराइज. सॅम राइनहार्टनं चार गोल केले. ऑइलर्सनी गोलरक्षक बाहेर काढून जादा आक्रमक उतरवला होता, त्यामुळे शेवटचे दोन रिकाम्या गोलमध्ये. निकाल ५-१.

कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हनं चषक उचलला. आधी दिला तो नेट श्मिटच्या हातात. जो आदल्या वर्षी या संघात नव्हता, ज्यानं आधी कधी चषक जिंकला नव्हता, तो श्मिट.

(दृश्य: बर्फावर पडलेले उंदीर.)

तीन वर्षांत ६८ प्लेऑफ सामने. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोसमाच्या सरावात बार्कोव्हच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. कचक शस्त्रक्रियेतून सावरतच होता. ७ ऑक्टोबरला सनराइजमध्ये विजेतेपदाचा दुसरा ध्वज छताकडे चढला, तेव्हा खेळणाऱ्या संघात हे दोघंही नव्हते.