शिफ्ट संपल्यावरच्या दोन ओळी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत डॉक्टरकीचं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं, त्यामुळे तिथल्या मुलांना तयारीला तीन-चार वर्षं मिळतात. या वर्षांतली लॅबमधली, हॉस्पिटलमधली सगळी धावपळ शेवटी ॲमकासच्या, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांच्या सामायिक अर्जात बसवायची असते. नोंदी जास्तीत जास्त १५, प्रत्येकीला ७०० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. त्यांतल्या तीन 'सर्वांत महत्त्वाच्या' नोंदींना आणखी १३२५. शिवाय तास लिहायचे आणि खातरजमा करू शकेल अशा माणसाचं नाव द्यायचं. तीन वर्षांनी तास आठवायला बसलं की गोळाबेरीज चुकते, आणि तोवर काम नेमून देणारा कोऑर्डिनेटरही बदललेला असतो. म्हणून शिफ्ट संपली की त्याच रात्री तारीख, तास आणि दोन ओळी वहीत टिपाव्यात. पेशंटचं नाव मात्र कधीच नाही.

लॅबमध्ये बहुधा आधी पिपेट, म्हणजे थोडासा द्रव मोजून ओढायचं साधन, हातात येते. तिच्या बटणाला दोन थांबे. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, टोक दोन-तीन मिलिमीटर बुडवायचं आणि बटण हळू सोडायचं. दुसरा थांबा उरलेला थेंब ढकलायला. घाईत दुसऱ्यापर्यंत दाबून ओढलं की माप जास्त भरतं. काही नळ्यांत असं झालं, काहींत नाही, की आकडे विखुरतात. ही चूक कशी शोधली, हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे. शोधनिबंधावर नाव आहे पण आपला वाटा सांगता येत नाही, यापेक्षा ते बरं.

हॉस्पिटलमध्ये लसींचे दाखले, क्षयाची तपासणी, गोपनीयतेचं प्रशिक्षण यांतच काही आठवडे जातात. म्हणून तिथल्या कामासाठीचा अर्ज लवकर करावा.

आता मराठी मुलांचा खास मोह. वॉर्डात मराठी आजी दिसली की नर्स म्हणते, "तुला भाषा येते ना? विचार." पाणी हवं का, ऊब हवी का, जरूर विचारावं. औषध, लक्षणं, संमती आली की थांबावं. आजी म्हणतात, "घेरी आली." डोळ्यांपुढे अंधारी, खोली गरगरणं की शुद्ध हरपणं? तिघांची कारणं वेगळी, आणि घाईत तिन्हींचा एकच इंग्रजी शब्द होतो. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला प्रशिक्षित दुभाषा फुकट द्यावा लागतो, अनेकदा तो फोनवरच मिळतो. अर्जातही मग "दुभाषाचं काम केलं" असं लिहू नये. "दुभाषा मागवायला सांगितलं, तो मिळेपर्यंत जवळ बसले," एवढंच लिहावं.