मागितलेलं आणि वाढलेलं

(दृश्य: सोलापूर, अशोक चौकाजवळची गल्ली. दारात भरून ठेवलेले ड्रम, घागरी. आतून मागाची खटखट.)

फोनमध्ये एक आकडा असतो. दिवसभरात स्क्रीन किती वेळ चालू होती, त्याचा. वर्गात कुणी तो विचारला की पोरं हळूच तासभर कमी करून सांगतात. माझा पाच तासांच्या पुढे जातो. परीक्षेच्या दिवसांत तर आणखी वाढतो, कारण नोट्स फोनवरच येतात. म्हणजे अभ्यास जास्त केला की आकडा बिघडतो. अशा आकड्यावरून माझ्याबद्दल काय कळणार?

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला एक काम दिलं होतं. आठवडाभर जे वाचलं, पाहिलं, ऐकलं आणि ज्यांच्याशी बोललो, ते सगळं वहीत लिहून काढायचं. मी पान उभं दुमडलं. डावीकडे मागितलेलं, उजवीकडे वाढलेलं. पंगतीत मीठ आपण मागतो. जिलेबी मात्र आपण नको-नको म्हणत असताना वाढपी ताटात टाकून जातो. पोटात दोन्ही जातं. पण मांडायचंच झालं तर वेगळं मांडावं.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

डावी बाजू छोटी निघाली. विद्यापीठाचा निकाल लागला का. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्स्प्रेस किती लेट आहे. जॅकार्डमध्ये, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, पुठ्ठ्याचं कार्ड नेमकं काय करतं (वडील चादरीच्या कारखान्यात आहेत, त्यांना विचारलं तर ते म्हणतात, येऊन बघ). आणि आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

या ग्रुपबद्दल थोडं सांगायला हवं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या ग्रुपवर रात्री-अपरात्री दोन शब्द येतात: ‘पाणी सुटलं.’ पाच मिनिटांत गल्लीतले दिवे लागतात, मोटारी सुरू होतात. कुणी हार्ट टाकत नाही, कुणी हात जोडत नाही. माझ्या फोनवर येणाऱ्या सगळ्या मजकुरात एवढं खरं आणि एवढं कामाचं दुसरं काही नाही. एकदा एका काकांनी तिथे कुठल्याशा काढ्याचा व्हिडिओ टाकला. शेजारच्या तेलुगू मावशींनी मराठीत सुनावलं, ‘इथं फक्त पाणी.’

उजवी बाजू लिहिताना मात्र पान पुरलं नाही.

२९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. मी तेव्हा शाळेत होते. लॉकडाऊन होता, वर्ग ऑनलाइन, आणि त्याच वर्गांसाठी म्हणून घरात माझ्या हाती पहिल्यांदा फोन आला. तास संपला की फोन ठेवायचा, असं ठरलं होतं. पण ज्या गोष्टीला शेवटच नाही ती ठेवायची कुठे? पूर्वी वेबसाइटच्या पानाला तळ असायचा, ‘पुढे’ दाबावं लागायचं. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं. पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो तसं जाहीरपणे बोलतो. त्याच्या पश्चात्तापाने माझ्या अंगठ्याला काही फरक पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आजोबा म्हणतात, आमच्या वेळी पेपर संपायचा. खरं आहे. पण पेपरातल्या जाहिराती आणि राशिभविष्य तरी त्यांनी कुठे मागितलं होतं? उजवी बाजू त्यांच्याही वहीत निघाली असती. फक्त पान संपल्यावर वाढपी निघून जायचा.

(दृश्य: मंगळवेढ्याकडे जाणारा रस्ता. ज्वारीची शेतं. निवेदन सावकाश.)

वाढलेलं सगळंच जिलेबीसारखं निरुपद्रवी नसतं. २०१८ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर फोनांवर एक अफवा फिरत होती: मुलं पळवणारी टोळी आली आहे. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्यांच्यातले बहुतेक जण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर पुढे ढकलता येईल, असं बंधन घातलं. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. मेसेजवर दोन बाण दिसतात ना, ते त्याचं चिन्ह. माझ्या वर्गात दोन बाणांचा अर्थ विचारला तर निम्म्या पोरांना सांगता आला नाही. मला वाटतं, स्क्रीन टाइमच्या आकड्याऐवजी शाळेत हे दोन बाण शिकवावेत.

राईनपाड्याच्या लोकांनीही ती अफवा मागितली नव्हती. ती त्यांच्या फोनवर आली, ओळखीच्या माणसाकडून आली, म्हणून खरी वाटली. आपल्या घरातही मेसेज असेच येतात: आत्याकडून, जुन्या सरांकडून, सोसायटीच्या अध्यक्षांकडून. पाठवणारा विश्वासाचा असतो. मजकूर त्याचा नसतो.

(दृश्य: यंत्रमाग कारखाना. धोटा इकडून तिकडे. नैसर्गिक आवाज पूर्ण ठेवावा.)

आता बोलण्याचं. वहीचा हा भाग मी सोपा समजले होते.

वडिलांशी दिवसा फोनवर बोलता येत नाही. कारखान्यात आवाजच इतका की शेजारचा माणूसही खुणेने बोलतो: दोन बोटं ओठाशी नेली की चहा, मनगटावर टिचकी मारली की वेळ काय झाली. रिंग ऐकू येत नाही, खिशात थरथर तेवढी जाणवते. म्हणून आमच्या घरात मिस्ड कॉलची भाषा आहे. एक आला तर सवडीने बघायचं. लागोपाठ दोन आले तर माग थांबवून बाहेर यायचं. दोनचा वापर आम्ही क्वचितच करतो, म्हणूनच तो चालतो.

आजी बार्शीजवळच्या गावी असते. तिला लिहिता येत नाही, पण व्हॉइस नोट जमते. ती फोन तोंडाजवळ धरून आधी माझं नाव घेते, मग सगळ्यांची खुशाली विचारते, मधे कोंबड्यांना हाकलते आणि शेवटी ‘ठेवते गं’ म्हणते. मी इतरांच्या व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐकते. तिची तशी ऐकली तर कोंबड्याच जास्त कळतात.

आणि जानेवारीतला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर गर्दी इतकी की नेटवर्क बसतं. मेसेजवर एकच टिक, फोन लागत नाही. त्यामुळे आम्ही सगळ्या आधीच ठरवून जातो: सात वाजता, मोठ्या पाळण्याच्या तिकीट खिडकीपाशी. वर्षातल्या त्या एका संध्याकाळी कुणी उशिरा येत नाही, कारण ‘पाच मिनिटांत पोचते’ असं खोटं टाइप करायची सोय नसते.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण दिवसातून दहा-बारा रील्स पाठवते. मी हसणारा चेहरा टाकते. तीही टाकते. आठवड्याच्या नोंदी बघितल्या तर आम्ही एकमेकींशी सगळ्यात जास्त ‘बोललो’, आणि त्यात दोघींचं स्वतःचं वाक्य जवळजवळ नाही. तिच्या वडिलांचं काम सुटलं हे मला तिसऱ्याकडून कळलं.

(दृश्य: स्वयंपाकघर. आई शेंगा निवडतेय.)

वही बघून आई म्हणाली, ‘तुझंच लिहितीस होय? माझं बी लिही की.’ मग तिचं पान केलं. डावीकडे पाणी, भिशीचा ग्रुप, एक मालिका. उजवीकडे त्या मालिकेच्या मागून आपोआप सुरू होणारी दुसरी मालिका, भजनं, साड्यांचे लाइव्ह सेल.

भांडण झालं ते मामावर. मामा रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवतो, वर सुप्रभात लिहिलेला, दोन बाणवाला. मी तो डोळे झाकून उजवीकडे लिहिला. आई म्हणाली, ‘खोड ते.’ मामा एकटा राहतो, त्याला शुगर आहे. नऊ वाजेपर्यंत फूल आलं नाही की आई त्याला फोन लावते, बरा आहेस ना म्हणून. फोटोत काय लिहिलंय ते तिने कधी वाचलेलंच नाही. तिला तो मागितलेला वाटतो. रोज मागितलेला.

त्यामुळे मामा आता डावीकडे गेलाय. मैत्रिणीच्या रील्सचं अजून ठरत नाही. त्याबद्दल तिलाच विचारायचं ठरवलंय. चॅटवर नाही, शनिवारी ती सात रस्त्याला क्लासला येते, तेव्हा.